चेंडू अडखळतोय? लसावि काढा!

हॉस्टेलची कॉमन रूम. मॅच रंगात आलेली. कुणाचा तरी लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलाय, वाय-फाय त्या दिवशी चक्क साथ देतंय, चित्र आरशासारखं स्वच्छ आहे. पण फास्ट बॉलरच्या हातून चेंडू सुटला की तो सरळ न जाता बारीक बारीक उड्या मारत जातो. कॅमेरा चेंडूमागे बाउंड्रीकडे वळला की मागचे प्रेक्षक आणि जाहिरातींचे फलक थरथरायला लागतात. मागच्या रांगेतून आवाज येतो, "अरे, नेट स्लो आहे!" पुढच्या रांगेतून उत्तर, "नेट नाही रे, लॅपटॉप म्हातारा झालाय!"

आमच्याकडे हे जवळजवळ महिनाभर चाललं. शेवटी एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ग्राफिक्स कार्डवालं मशीन घ्या, प्रॉब्लेम मिटेल." झालं! प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणीची वही फिरायला लागली. मेसचं बिल थकलेल्यांनीसुद्धा पैसे दिले, म्हणजे बघा. वही अर्धी भरली असेल, तेव्हा लॅबमधले एक सर सहज डोकावले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅच किती फ्रेमची आहे आणि स्क्रीन किती हर्ट्झवर चालू आहे?"

आम्ही सगळे भावी इंजिनियर. एकालाही उत्तर येईना.

बघितलं तेव्हा कळलं की मॅच ५० ची, स्क्रीन ६० चा. सरांनी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० च्या जागी ५० केलं. मिनिटभराचं काम. पुढच्या ओव्हरला चेंडू रेशमासारखा गेला. वर्गणी परत मिळाली (हॉस्टेलच्या इतिहासात हे बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं). तर मित्रहो, हा लेख त्या एका मिनिटाबद्दल आहे.

दोन घड्याळं

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, हे आपण शाळेपासून ऐकतो. एका सेकंदात अशी किती चित्रं, म्हणजे फ्रेम, हा झाला फ्रेम रेट. तो फाइलमध्येच ठरलेला असतो. सिनेमा २४ चा, भारतातलं टीव्हीचं चित्रण २५ किंवा ५० चं, मोबाइलवर काढलेलं बहुतेक वेळा ३० किंवा ६० चं.

दुसरं घड्याळ स्क्रीनचं. मॉनिटर आपलं चित्र सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने काढतो. तो रिफ्रेश रेट, आणि तो मोजायचा हर्ट्झमध्ये. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो. व्हिडिओची पुढची फ्रेम तयार असेल तर ती दाखवतो, नसेल तर जुनीच पुन्हा दाखवतो. मधल्या वेळी फ्रेम बदलता येत नाही. एसटी ठरल्या वेळीच सुटणार, तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात तर पुढची गाडी, तसंच हे.

आता मॅचचं गणित करू. ५० फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेमचा हक्काचा वेळ २० मिलिसेकंद. स्क्रीनची फेरी मात्र १६.७ ची. म्हणजे ५ फ्रेम येतात तेवढ्या वेळात स्क्रीनच्या ६ फेऱ्या होतात. एक फेरी जास्तीची. मग काय होतं? चार फ्रेम एकेकदा दिसतात आणि पाचवी दोनदा. चार फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकतात, एक ३३.३. सेकंदात असे दहा धक्के बसतात. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू २० मिलिसेकंदांत पाऊण मीटरहून जास्त अंतर कापतो. अशा वेळी एखादी फ्रेम दुप्पट वेळ थांबली, तर चेंडू हवेत क्षणभर अडकून पुढे उडी मारल्यासारखा दिसणारच. यात नेटचा दोष नाही, प्रोसेसरचाही नाही. एकही फ्रेम हरवलेली नसते. फक्त प्रत्येकीला सारखा वेळ मिळत नाही.

सिनेमाचंही तेच. २४ फ्रेम म्हणजे प्रत्येकी ४१.७ मिलिसेकंद, म्हणजे ६० हर्ट्झच्या अडीच फेऱ्या. अर्धी फेरी तर मारता येत नाही, म्हणून एक फ्रेम ३ फेऱ्या, पुढची २, पुन्हा ३, पुन्हा २. एक ५० मिलिसेकंद, दुसरी ३३.३. लंगडी घातल्यासारखी चाल. दोन माणसं बोलत बसलेत अशा दृश्यात हे कळत नाही. कॅमेरा सावकाश आडवा सरकला, किंवा शेवटी नावांची यादी वर सरकू लागली, की लगेच डोळ्यांत येतं. याला इंग्रजीत जडर म्हणतात, आपण सरळ 'अडखळणं' म्हणू.

हे आकडे आले कुठून?

कुणी मुद्दाम आपला छळ करायला २४, २५ आणि ६० असे न जुळणारे आकडे निवडलेले नाहीत. प्रत्येकामागे कारण आहे.

मूकपटांच्या काळात वेग कमीजास्त चालायचा. बोलपट आले आणि आवाजाची पट्टी त्याच फिल्मवर आली, तेव्हा वेग बदलला की आवाजही बदलायला लागला. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस २४ फ्रेम हे प्रमाण पक्कं झालं. पण सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार झाला तर पडदा लुकलुकतो. यावर प्रोजेक्टर बनवणाऱ्यांनी सुंदर उपाय काढला. फिरत्या शटरला दोन किंवा तीन पाती लावली आणि प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकली. झाले ४८ किंवा ७२ झोत. लक्षात घ्या, प्रत्येक फ्रेमला अगदी सारखे झोत. जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या प्रोजेक्टरला जे जमत होतं, ते आपल्या लॅपटॉपला सांगावं लागतं!

टीव्हीने आपला आकडा विजेकडून घेतला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला टीव्ही ६० चा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीही ५० चा. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, ते पाल पद्धतीने, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. आज एचडी आलं तरी आपल्या प्रक्षेपणाचा पाया ५० चाच आहे.

कॉम्प्युटर मात्र अमेरिकन घराण्यातला. १९८७ च्या व्हीजीएमध्ये ६४० बाय ४८० चं चित्र सुमारे ६० हर्ट्झवर चालायचं आणि तो आकडा आजच्या एलसीडीपर्यंत चिकटून राहिला. थोडक्यात काय, आपली वीज ५० ची, मॅच ५० ची, सिनेमा २४ चा आणि मॉनिटर ६० चा. भांडण होणारच.

(ज्यांनी जुने सीआरटी मॉनिटर पाहिलेत त्यांना रिफ्रेश रेट म्हटलं की ७५ आणि ८५ आठवतील. तिथे कारण वेगळं होतं. सीआरटीवर प्रत्येक फेरीनंतर उजेड विझत जायचा, त्यामुळे ६० ला पडदा लुकलुकायचा आणि डोकं दुखायचं. एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, म्हणून कमी हर्ट्झवर तसं लुकलुकत नाही. त्यामुळे ५० किंवा ४८ निवडायला घाबरू नका.)

खरा नियम: भाग गेला पाहिजे

आता मुद्द्याचं. बरेच जण समजतात की हर्ट्झ जितके जास्त तितकं चित्र गुळगुळीत. गेम खेळताना हे बऱ्याच अंशी खरं आहे. व्हिडिओच्या बाबतीत नियम वेगळा आहे. रिफ्रेश रेटला फ्रेम रेटने पूर्ण भाग गेला पाहिजे. बाकी शून्य, तर प्रत्येक फ्रेमला सारख्या फेऱ्या. बाकी उरली, की अडखळणं आलं.

सिनेमा, २४ फ्रेम: ४८, ७२, १२०, १४४, २४० हर्ट्झ चालतील. टीव्हीवर २४ हाही पर्याय असतो.

टीव्हीचं चित्रण, २५ फ्रेम: ५०, ७५, १०० हर्ट्झ.

मॅच, ५० फ्रेम: ५० किंवा १००. इथे ७५ चालणार नाही, दीडपट येते.

मोबाइलचं चित्रण, ३० फ्रेम: ६०, ९०, १२०, २४०.

६० फ्रेमचं चित्रण: ६०, १२०, २४०.

गंमत बघा. १४४ हर्ट्झचा महागडा गेमिंग मॉनिटर सिनेमाला उत्तम, पण ३० च्या व्हिडिओला ४.८ पट आणि ५० च्या मॅचला २.८८ पट. १६५ हर्ट्झचा तर २४, २५, ३०, ५०, ६० यांपैकी कुणाशीच जुळत नाही. (अर्थात जास्त हर्ट्झवर प्रत्येक फेरी छोटी असते, त्यामुळे धक्काही छोटा बसतो आणि अनेकांना तो जाणवत नाही.) पाचवीत शिकलेला लसावि इथे कामाला येतो. २४, ३० आणि ६० यांचा लसावि १२०, म्हणून १२० हर्ट्झचा स्क्रीन व्हिडिओसाठी सोयीचा. पण यात आपले २५ आणि ५० मिसळले की लसावि थेट ६०० वर जातो! असा मॉनिटर कुणी तुमच्या खोलीत आणून ठेवणार नाही. म्हणून आपल्याकडे रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याला पर्याय नाही.

प्रत्यक्षात करायचं काय?

१. आधी व्हिडिओचा फ्रेम रेट बघा. व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकच्या माहितीत फ्रेम रेट दिसेल. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. रिझोल्यूशनच्या शेजारी २५, ३०, ५० असा आकडा असतो.

२. मग स्क्रीनचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर कुठला स्क्रीन निवडलाय ते नीट बघा, नाहीतर टीव्हीऐवजी लॅपटॉपचाच बदलून बसाल. खाली रिफ्रेश रेटची यादी मिळेल. लिनक्सवाल्यांना डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये हेच सापडेल.

३. यादीतला भाग जाणारा आकडा निवडा. स्क्रीन काळा झाला तर घाबरून केबल उपटू नका. तुम्ही 'ठेवा' असं सांगितलं नाही तर विंडोज साधारण १५ सेकंदांत आपोआप जुन्या सेटिंगवर येतं.

४. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीवर एकच चित्र दाखवत असाल, तर दोघांना एकाच रेटवर यावं लागू शकतं. तेव्हा फक्त टीव्हीवर चित्र ठेवा, यादी मोठी होईल.

५. व्हिडिओ फुल स्क्रीनच बघा.

लॅपटॉपच्या स्वतःच्या पॅनलवर बऱ्याचदा फक्त ६० असतो. काहींवर ४८ हाही पर्याय दिसतो. दिसला तर सिनेमासाठी सोनं समजा, वर बॅटरीही थोडी वाचते. टीव्ही आणि बरेच प्रोजेक्टर मात्र २४, ५०, ६० सगळं घेतात. म्हणजे कॉमन रूमची सोय आधीपासूनच असते, कुणी बघत नाही इतकंच.

शनिवारी फजिती

मॅचच्या दिवशी आम्ही हिरो झालो. पुढच्या शनिवारी कॉमन रूममध्ये सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत आरडाओरडा. "तुम्ही काय करून ठेवलंत? आधी बरा होता!"

चूक आमचीच होती. स्क्रीन ५० वरच राहिला होता. २४ च्या सिनेमाला दुप्पट केलं की ४८ फेऱ्या लागतात, उरल्या २. म्हणजे सगळं छान चालू असताना दर अर्ध्या सेकंदाला एक फ्रेम ४० ऐवजी ६० मिलिसेकंद थांबणार. ६० वरची लंगडी सतत असते, तिची डोळ्यांना सवय झालेली असते. हा मात्र स्पीडब्रेकर. सिनेमासाठी २४ केलं आणि शांतता पसरली. (२४ वर माउस जड चालतो, तेव्हा सिनेमा संपला की परत ६० करा.)

एकदा सेटिंग बदललं की काम संपलं असं नाही, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून टीव्हीशेजारी एक कागद चिकटवलाय: 'मॅच ५०, सिनेमा २४, बाकी ६०.' फर्स्ट इयरच्या मुलांनाही तो पाठ झालाय.

हे सारखं हाताने करायचा कंटाळा असेल तर कोडी हा प्लेअर वापरून बघा. त्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओनुसार रिफ्रेश रेट आपोआप बदलायची सोय आहे. एमपीव्ही नावाचा प्लेअर दुसरी युक्ती करतो. तो व्हिडिओचा वेग किंचित बदलून स्क्रीनच्या घड्याळाशी जुळवतो आणि आवाजही त्याप्रमाणे ताणून घेतो.

असा वेग बदलणं नवीन नाही, बरं का! पाल पद्धतीत २४ चा सिनेमा सरळ २५ च्या वेगाने पळवायची पद्धत होती. १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि हिरोचा आवाज किंचित बारीक व्हायचा.

२३.९८ चं लफडं

यादीत २४ च्या शेजारी २३.९८ आणि ६० च्या शेजारी ५९.९४ दिसलं तर चक्रावू नका. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरलं, तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून वेग हजारात एक इतका कमी केला. ३० चे झाले २९.९७. त्याच हिशोबाने सिनेमाचे २४ झाले २३.९७६, आणि आजही असंख्य फाइल याच वेगाच्या असतात. अशी फाइल बरोबर २४ हर्ट्झवर लावली तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसेल. बहुतेकांना कळणारही नाही. पण यादीत २३.९८ असेल तर तेच निवडा, फुकट आहे.

सगळीच दुखणी या गोळीने बरी होत नाहीत

प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्हिडिओ अडकण्याची इतर कारणंही असतात, आणि ती ओळखता आली पाहिजेत.

मधेच चित्र थांबून गोल फिरायला लागलं तर ते नेट. त्याला हर्ट्झ काही करणार नाही.

अनियमित झटके येतायत, पंखा जोरात फिरतोय आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा भराभर वाढतोय, तर मशीनला व्हिडिओ डीकोड करणं झेपत नाहीये. क्वालिटी एक पायरी खाली आणा, मागे उघडलेले टॅब बंद करा.

चित्र आडवं चिरल्यासारखं दिसतंय, वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी जुळत नाहीत, तर ते टेअरिंग. प्लेअर आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करा.

फोर-के टीव्हीवर माउससुद्धा ओढल्यासारखा चालतोय, तर यादी उघडून बघा. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झने जातं. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, ५० आणि ६० परत मिळतील.

पण झटके नियमित असतील, तालात असतील आणि कॅमेरा सरकतानाच जास्त दिसत असतील, तर समजा हिशोबात बाकी उरलीय.

आणि एक. सगळं जुळवलं तरी सिनेमा गेमसारखा लोण्यासारखा दिसणार नाही. सेकंदाला २४ चित्रंच आहेत, वेगाने कॅमेरा फिरवला तर थोडं तुटक वाटणारच. टीव्हीतली मोशन वाढवणारी सेटिंग मधल्या खोट्या फ्रेम तयार करून ते भरून काढते, पण मग सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. ज्याची त्याची आवड. २०१३ नंतर जी-सिंक, फ्रीसिंक असे मॉनिटर आले. त्यांत स्क्रीनच फ्रेमची वाट बघतो, म्हणजे एसटी प्रवाशासाठी थांबते! गेमसाठी ते वरदान आहे. व्हिडिओसाठी मात्र प्लेअरची साथ लागते, त्यामुळे त्यावर डोळे मिटून विसंबू नका.

शेवटी एक विनंती. यादीत नसलेला रेट सॉफ्टवेअरने जबरदस्तीने बसवायचे उद्योग कॉमन रूमच्या टीव्हीवर करू नका. स्वतःच्या मॉनिटरवर करायचे असतील तर जबाबदारी तुमची.

असो. आमच्या वर्गणीच्या वहीचं पुढे काय झालं? ती अजून कॉमन रूममध्ये आहे. मागच्या कोऱ्या पानांवर पोरं कुठल्या फाइलला कुठला हर्ट्झ लागला त्याची नोंद करतात. पुढच्या वेळी कुणी "नवीन मशीन घ्या" म्हणालं, तर खिशात हात घालायच्या आधी एक भागाकार करून बघा. बाकी शून्य आली तर खुशाल वर्गणी काढा. नाही आली, तर पैसे चहाला ठेवा.